न पाहता ओतलेली बाटली

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयपत्रिकेवर 'इंजिनाची धुलाई' हा विषय पाहून बऱ्याच जणांनी आम्हाला दारातच विचारले, की भाऊ, संघटनेचे काम सोडून गॅरेज टाकता की काय? तसे काही नाही. आम्ही शिकलो ती शेतकी, मिस्त्रीकाम नव्हे. पण मागच्या बैठकीत जीपच्या खर्चाचा हिशेब आम्ही मांडला, त्यावर प्रश्न आले, आणि त्यांचे उत्तर पुढच्या बैठकीत सविस्तर द्यायचे असे तेव्हाच ठरले होते. शिवाय मृगाला अजून महिना आहे. एकदा पेरणी तोंडावर आली की कोणी इंजिनाकडे बघत नाही, सेल मारायचा आणि पळवायचे एवढेच. तेव्हा बोलायचे ते आत्ताच बोललेले बरे.

जीपचा हिशेब

संघटनेची जीप तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. जुनी, डिझेलची, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने ऑइल कधी बदलले याची काही नोंद नव्हती. घेतल्यावर आम्हीही वेगळे काही केले नाही. ऑइल कमी दिसले की वरून थोडे घालायचे आणि पुढे जायचे. वेचणीच्या दिवसांत दौरा ठरला तेव्हा गाडी जड ओढत होती आणि ऑइलची पट्टी काढली की डांबर लागल्यासारखी दिसत होती.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने इंजिन धुण्याची बाटली पुढे केली. जुन्या ऑइलात ओता, दहा मिनिटे इंजिन चालू ठेवा, सगळी घाण विरघळून येईल, मग ऑइल बदला, इंजिन नव्यासारखे. बाटलीवर डाव्या बाजूला काळा पिस्टन, उजव्या बाजूला चकचकीत पिस्टन. कपाशीच्या टॉनिकच्या बाटलीवर जशी डावीकडे खुरटी पराटी आणि उजवीकडे बोंडांनी लदलेली पराटी असते, अगदी तशी. टॉनिकच्या चित्रांना भुलू नका म्हणून वर्षानुवर्षे गावोगाव सांगणारे आम्ही, त्या पिस्टनला भुललो.

बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिले होते, की इंजिन जागेवरच चालवावे, गाडी रस्त्यावर नेऊ नये. ते आम्ही वाचले नाही. वर एका ओळखीच्याने सल्ला दिला, एवढ्याशा बाटलीने काय होते, लिटरभर डिझेलही ओता. तेही ओतले. आणि चालवल्यावर आणखी चांगले धुतले जाईल अशा हिशेबाने तसेच सभेच्या गावाला निघालो.

पंचवीसेक किलोमीटर गेल्यावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. वायर सैल असेल म्हणून आम्ही डॅशबोर्डवर थाप मारली. दिवा गेला, पुन्हा आला. मग खालून ठकठक ऐकू येऊ लागली आणि एका चढावर इंजिन जाम झाले. सभेच्या गावी लोक रात्रीपर्यंत वाट पाहत बसले होते.

मिस्त्रीने चेंबर खोलला तेव्हा आत काय होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. ऑइल पंपाच्या तोंडाशी तारेची एक जाळी असते. पंप चेंबरमधले ऑइल त्या जाळीतूनच ओढतो. तिच्यावर काळ्या खपल्यांचा थर बसला होता, दूध करपल्यावर पातेल्याला खरवड बसते तसा. खपल्या इंजिनातल्याच, वर्षानुवर्षे भिंतींना चिकटून बसलेल्या. बाटलीने त्या सोडवल्या, पण विरघळवल्या नाहीत. त्या सुटून खाली आल्या आणि जाळीवर जाऊन बसल्या. पंपाला ऑइल ओढता येईना. जे थोडे वर जात होते ते डिझेल मिसळल्यामुळे पाण्यासारखे पातळ झाले होते. बेरिंगा जळाल्या, क्रँक ओरखडला, आणि फुल इंजिन काम निघाले.

तो पैसा वर्गणीचा होता. कोणी कापूस विकून दिलेला, कोणी ज्वारी विकून दिलेला. आम्ही हिशेब मांडला तेव्हा मागच्या रांगेतले एक म्हातारे बाबा उठले आणि म्हणाले, "भाऊ, आमाले सांगता का कपाशी पाह्यल्याबिगर फवारू नका. मंग तुमी इंजिन न पाह्यता कसं काय ओतलं?"

त्याला उत्तर नव्हते. आजचे सगळे बोलणे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

घाण म्हणजे काय

आधी हे समजून घेऊ, की इंजिनात घाण होते कशी. ऑइल म्हणजे नुसते तेल नसते. त्यात कारखान्यातच काही रसायने घातलेली असतात. त्यातले एक धुणारे असते. ते तापलेल्या धातूवर थर बसू देत नाही आणि इंधन जळताना तयार होणारे आम्ल मारते. दुसरे काजळीचे कण सुटे-सुटे धरून ठेवणारे असते, म्हणजे त्यांचे गोळे होत नाहीत. तिसरे झीज कमी करणारे. म्हणून डिझेल इंजिनात नवे ऑइल घातले की थोड्याच दिवसांत काळे होते. ते काळे झाले म्हणजे खराब झाले असे नव्हे. ते आपले काम करते आहे, काजळी पोटात घेते आहे, असा त्याचा अर्थ.

पण पोटाला मर्यादा असते. ठरल्या तासांच्या पलीकडे तेच ऑइल चालवले की धुणारे रसायन संपते. तापून तापून तेल आंबते, घट्ट होते. त्यात काजळी, न जळलेले इंधन आणि पाण्याचा अंश मिसळून गाळ तयार होतो. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद करायची सवय असेल, ब्रीदरची नळी तुंबलेली असेल, किंवा रेडिएटरात पाणी कमी असताना इंजिन तापवले असेल, तर गाळ लवकर होतो. हा गाळ टॅपेटच्या झाकणाखाली बसतो, चेंबरच्या तळाशी बसतो, आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत कडक होऊन रिंगा चिकटवतो. रिंगा चिकटल्या की ऑइल जळते, निळा धूर येतो, ताकद जाते.

आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे धूळ. आपल्या कोरडवाहू भागात वखरणी, थ्रेशरवर ज्वारी काढणे, पऱ्हाटीचा भुगा करणे, सगळे धुळीत. हवेच्या गाळणीतून धूळ आत गेली की लायनर आणि रिंगा घासल्या जातात. ती झीज असते. झीज धुऊन निघत नाही, कुठल्याही बाटलीने भरून येत नाही. गाळ आणि झीज यांतला फरक ज्याला कळला त्याचे निम्मे पैसे तिथेच वाचले.

द्रावक तुमच्या ओळखीचे आहे

आता बाटलीत असते काय? इंजिन धुण्याच्या बहुतेक बाटल्यांत रॉकेलच्या जातीचे हलके खनिज तेल असते आणि त्यात थोडी धुणारी व झीज रोखणारी रसायने असतात. हे द्रावक तुम्हाला अनोळखी नाही. फवारणीची जी औषधे 'ई.सी.' म्हणून येतात, पाण्यात टाकताच दुधासारखी पांढरी होतात, त्यांतही असेच पेट्रोलियमपासून काढलेले द्रावक असते. औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून आधी द्रावकात विरघळवायचे आणि मग पाण्यात फोडायचे. तसे औषध पंपात रात्रभर राहिले तर रबराचे वायसर फुगतात, मऊ पडतात, हे तुम्ही पाहिले आहे. इंजिनाची ऑइल सीलही रबराचीच असते. जुन्या इंजिनात द्रावक जास्त वेळ राहिले की सील गळू लागण्याचा धोका त्यातूनच येतो.

द्रावकाचे काम दोन प्रकारचे. मऊ गाळ असेल तर तो पातळ करून ऑइलाबरोबर बाहेर काढते. हे खरे आहे, यात फसवणूक नाही. पण थर कडक असेल तर दहा मिनिटांत तो विरघळत नाही, फक्त त्याची पकड सुटते आणि खपल्या पडतात. आमच्या जीपचे तेच झाले. थोडी घाण असेल तिथे बाटली चालते, पण तिथे तिची फारशी गरज नसते. जिथे भरपूर घाण आहे तिथे गरज वाटते, आणि धोकाही तिथेच सर्वांत जास्त.

दुसरी गोष्ट पातळपणाची. क्रँक आणि बेरिंग यांच्यामध्ये ऑइलाचा एक बारीक पडदा असतो. धातू धातूला लागत नाही तो त्या पडद्यामुळे. द्रावक पडले की पडदा पातळ होतो. इंजिन रिकामे, जागेवर, हळू चालत असेल तर निभावते. ओझे पडले, रेस वाढली, चढ आला, की पडदा फाटतो. म्हणून बाटलीवर 'गाडी चालवू नये' असे लिहिलेले असते. ते कायद्याच्या भीतीने लिहिलेले नाही, इंजिनाच्या भीतीने लिहिलेले आहे.

बाटल्या तीन, जागा तीन

दुकानात सगळ्या बाटल्या एका फळीवर असतात म्हणून लोक घोटाळा करतात. एक ऑइलात घालायची, तिच्याबद्दल आपण बोलतो आहोत.

दुसरी इंधनाच्या टाकीत घालायची. ती नोझल, इंजेक्टर, पेट्रोल गाडीचे व्हॉल्व्ह यांच्यावरचा थर साफ करण्यासाठी. पेट्रोलसाठी यात पॉलिइथर अमाइन नावाचे रसायन नावाजलेले आहे. नोझलवर थोडा थर असेल तर अशा बाटलीचा उपयोग होऊ शकतो. नोझल झिजली असेल तर होत नाही. आणि चेंबरमधल्या गाळाशी तिचा काही संबंध नाही. आपले डोके लढवून डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका. डिझेल स्वतः पंपाला वंगण देते, रॉकेलने ते वंगण कमी होते. नव्या ट्रॅक्टरांना, म्हणजे ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ज्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून धुराचे नवे नियम लागले त्यांना, कॉमन रेल असते. तिच्या पंपाचे आणि इंजेक्टरचे काम इतके नाजूक असते, की हा प्रयोग फार महागात पडतो.

तिसरी हवेच्या वाटेने फवारायची. ही डिझेल इंजिनावर घरी करून पाहू नका. डिझेल इंजिन हवेबरोबर जळाऊ पदार्थ ओढू लागले की चावी बंद करूनही थांबत नाही, रेस वाढतच जाते. आणि रिंगा सोडवायला सिलिंडरमध्ये द्रावक ओतून ठेवले आणि ते तसेच असताना सेल मारला, तर पातळ पदार्थ दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हे काम करायचेच तर मिस्त्रीच्या हाताने.

आधी पाहा

गुलाबी बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, नाहीतर नाही. याला आम्ही कॉलेजात आर्थिक नुकसानीची पातळी म्हणायला शिकलो. इंजिनालाही अशीच पातळी लावा. पाहायला पैसे लागत नाहीत.

ऑइल घालायचे झाकण उघडा, बॅटरीचा उजेड आत टाका. धातू पिवळसर-तपकिरी दिसला आणि वर नुसता तेलाचा ओलावा असला, तर इंजिन ठीक आहे. काही ओतायचे नाही.

बोटाने पुसला जाईल असा काळा मऊ थर असला, तर गाळ सुरू झाला आहे. ऑइल बदलायची वेळ उलटून गेली आहे.

नखाने खरवडावा लागेल असा कडक थर, खपल्या, किंवा जेलीसारखे गोळे दिसले, तर बाटलीला हात लावू नका. चेंबर खोलावाच लागेल.

पट्टीवर दुधाळ, चहासारखे ऑइल आले तर त्यात पाणी शिरले आहे. हेड गॅस्केट किंवा दुसरे काही फुटले आहे. ते आधी दुरुस्त करा.

ऑइलाची पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला, तर कुठून तरी इंधन आत गळते आहे. असे ऑइल आधीच पातळ झालेले असते, त्यात आणखी द्रावक म्हणजे मरणाला आमंत्रण.

आणि ऑइलात चकाकते कण दिसले तर बेरिंग जात आहे. इंजिन बंद करून मिस्त्रीला बोलवा.

धुराकडेही बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी हवेची गाळणी साफ करा, मग नोझल तपासा. पुष्कळदा ताकद गेली म्हणून माणूस बाटली आणायला धावतो आणि दोष निघतो धुळीने तुंबलेल्या गाळणीत.

ओतायचेच असेल तर

ज्याचे इंजिन मऊ गाळापर्यंतच आले आहे आणि ज्याला बाटली वापरायचीच आहे त्याने एवढे पाळावे. गाडीच्या पुस्तकात कंपनीने मनाई केली नाही ना, हे आधी पाहावे. वॉरंटीतल्या गाडीला तर विचारल्याशिवाय नकोच. इंजिन गरम करून बंद करावे. बाटलीवर लिहिलेल्या मापाप्रमाणेच ओतावे, जास्त नाही, सोबत डिझेल नाही, रॉकेल नाही. लिहिली असतील तितकीच मिनिटे जागेवर, हळू चालवावे. गाडी हलवायची नाही, रेस वाढवायची नाही. सगळा वेळ ऑइलच्या दिव्यावर किंवा काट्यावर नजर ठेवावी. दिवा लागला की त्याच क्षणी इंजिन बंद. मग गरम असतानाच ऑइल सोडावे आणि थेंब थांबेपर्यंत गळू द्यावे. फिल्टर नवाच घालावा. जुना ठेवला तर सगळी घाण पुन्हा आत. नवे ऑइल घातल्यावर ते पूर्ण मुदतीपर्यंत चालवू नये, लवकर बदलावे, कारण कितीही गाळले तरी नळ्यांत थोडे द्रावक मागे राहतेच.

हे उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको. जवळ बिडी नको. आणि बाटलीतले उरलेले औषध पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने आपली माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवर निदान लाल-पिवळा त्रिकोण असतो. या बाटलीवर तोही नसतो, म्हणून ती दुप्पट लक्ष देऊन वाचावी.

अमेरिकेतल्या दोन गोष्टी

कोणी म्हणेल, परदेशात तर लोक हे सर्रास वापरतात. वापरतात, पण तिथल्या दोन गोष्टी ऐका.

१९९६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'स्लिक ५०' नावाच्या, ऑइलात घालायच्या एका मिश्रणाच्या जाहिरातींविरुद्ध तक्रार दाखल केली. ते द्रावक नव्हते, पण त्याच फळीवरची बाटली. जाहिरातीचा सूर असा, की इंजिन सुरू करताना साधे ऑइल पुरेसे रक्षण करत नाही. कमिशनचे म्हणणे असे, की पुस्तकात सांगितलेले ऑइल वापरले तर बहुतेक इंजिनांचे पुरेसे रक्षण होते आणि कंपनीच्या दाव्यांना पुरावा नाही. १९९७ साली प्रकरण तडजोडीने मिटले.

दुसरी गोष्ट टोयोटाची. १९९७ ते २००२ या वर्षांतल्या तिच्या काही मोटारींच्या इंजिनांत गाळ होऊन ती निकामी होऊ लागली. कंपनी म्हणाली, मालकांनी ऑइल वेळेवर बदलले नाही. अनेक मालक म्हणाले, बदलले. २००२ साली कंपनीने सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी दुरुस्तीची खास सवलत जाहीर केली, आणि २००७ साली न्यायालयात तडजोड झाली. आमच्या दृष्टीने यातला धडा एवढाच, की वाद शेवटी ऑइल कधी बदलले याच्या पुराव्यावर आला. ज्याच्याकडे पावत्या होत्या त्याची बाजू बळकट. आपल्यापैकी किती जणांकडे ट्रॅक्टरच्या ऑइलची एक तरी पावती आहे? हात वर करू नका, आम्हाला आमचेच उत्तर माहीत आहे.

मोटारसायकलवाल्यांसाठी

मोटारसायकल तर आता घरटी आहे. २०२५ पर्यंत देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. उसापासून, मक्यापासून, खराब धान्यापासून होणारे हे इथेनॉल शेतकऱ्याचाच माल आहे, त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण इथेनॉल स्वतःच एक द्रावक आहे. जुन्या टाकीत वर्षानुवर्षे बसलेला थर ते सोडवते आणि तो गाळणीत, कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्याही त्याला तयार नसतात. त्यात पाणी जास्त शिरले तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाशी वेगळे बसते. तेव्हा जुनी गाडी अडखळू लागली तर आणखी एक द्रावक टाकीत ओतण्याआधी टाकीचा तळ, गाळणी आणि नळ्या पाहा.

खरा साबण

आता मुद्द्याची गोष्ट. इंजिनाचा खरा साबण म्हणजे नवे ऑइल. त्यात धुणारे रसायन कारखान्यानेच मापून घातलेले आहे, आणि ते घाईने नाही, सावकाश धुते. त्यामुळे खपल्या पडत नाहीत. ऑइल कोणते घ्यायचे ते गाडीच्या पुस्तकात पाहा. डब्यावर १५डब्ल्यू-४० असा आकडा असतो, तो जाडपणाचा. शेजारी सीएच-४, सीआय-४ अशी अक्षरे असतात, ती डिझेल इंजिनासाठीच्या दर्जाची. सीएच-४ हा १९९८चा दर्जा, सीआय-४ हा २००२चा. पुस्तकात सांगितलेल्या दर्जाच्या खालचे घेऊ नका, आणि सुट्टे ऑइल तर घेऊच नका.

गाळ झालेल्या इंजिनाला आमचा सल्ला असा. थर मऊ असेल तर ऑइल आणि फिल्टर बदला, नेहमीच्या निम्म्याहून कमी तासांत पुन्हा बदला, आणि आणखी एकदा. मध्ये मध्ये झाकण उघडून पाहा. थर कडक असेल तर चेंबर आणि टॅपेटचे झाकण उतरवा, रॉकेल आणि ब्रशने हाताने धुवा, पंपाची जाळी साफ करा, नवी गॅस्केट घालून बसवा. रॉकेल इथे वापरायचे, इंजिनाच्या बाहेर, उघड्या भागांवर. आमच्या मिस्त्रीने आम्हाला सांगितले, हेच काम दौऱ्याआधी केले असते तर गॅस्केट, ऑइल, फिल्टर आणि एका दिवसाची मजुरी, एवढ्यात भागले असते. आम्ही एका बाटलीत भागवायला गेलो आणि क्रँकपर्यंत पोचलो.

खर्चाचा हिशेब तुम्ही तुमच्या गावच्या भावाने मांडा. दुकानात बाटलीचा भाव आणि फिल्टरचा भाव शेजारी शेजारी विचारा. बाटलीचा पैसा फिल्टरला आणि वरच्या लिटरभर ऑइलला घातला तर इंजिनाला काय मिळते आणि बाटलीला घातला तर काय मिळते, हे तुम्हीच ठरवा. आणि त्यात पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर उभा राहिला तर हुकलेल्या वाफशाची किंमत धरायला विसरू नका. वाफसा कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

एक शेवटचे. निघालेले काळे ऑइल विहिरीजवळ, नाल्यात, बांधावर ओतू नका, आणि द्रावक मिसळलेले तर चुलीत जाळूही नका, भडका उडतो. हाताला फासू नका, ते कातडीला घातक आहे. डब्यात साठवा आणि जुने ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाला द्या.

घरी गेल्यावर

आम्ही आता जीपमध्ये एक वही ठेवली आहे. ऑइल कधी बदलले, किती किलोमीटरवर, कोणत्या दर्जाचे, फिल्टर बदलला की नाही, हवेची गाळणी कधी साफ केली, आणि पावती त्याच पानाला टाचलेली. ही वही पुढच्या प्रत्येक बैठकीत टेबलावर राहील, ज्याला पाहायची त्याने पाहावी. वर्गणी तुमची आहे.

तुम्हीही घरी गेल्यावर एवढे करा. ट्रॅक्टरचे, जीपचे, डिझेल पंपाचे झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत पाहा. हवेची गाळणी काढून झटका. ऑइल किती तास चालले याचा अंदाज करा आणि एक वही सुरू करा. मृगाच्या आधी ज्याला ऑइल बदलायचे त्याने बदलावे, ज्याला चेंबर खोलायचा त्याने खोलावा. आणि कोणी बाटली पुढे केली तर बाबांचा प्रश्न आधी स्वतःला विचारा: पाहिले का?

ते बाबा आज इथे बसले आहेत. मागच्या वेळी त्यांना उत्तर देता आले नाही. बाबा, पाहिले नव्हते. आता पाहतो.